सावकारी परवाना आणि गाव : गिरड परिसराच्या निमित्ताने

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव टेकडीवरील शेख फरीद बाबांच्या दर्ग्यामुळे दूरवर परिचित आहे. या टेकडीवर गोलसर आकाराचे दगड विपुल सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या दोन बंजारा व्यापाऱ्यांचा नारळादी माल दगड होऊन पडला आणि त्यांनी क्षमा मागताच वाळलेल्या पानांतून त्यांना नवा माल मिळाला, अशी लोककथा ब्रिटिश काळातील गॅझेटियरनेही नोंदवून ठेवली आहे. एका दिवसात गेलेले भांडवल एका दिवसात परत मिळण्याचे भाग्य त्या व्यापाऱ्यांना लाभले. टेकडीच्या पायथ्याशी कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या कास्तकाराला मात्र भांडवलाची जुळवाजुळव दरवर्षी नव्याने करावी लागते.

जून महिन्यात बियाणे व खते घ्यावयाची, मजुरी रोख द्यावयाची आणि शेतमालाचे पैसे दिवाळीच्या मागेपुढे किंवा त्यानंतर हाती यावयाचे, हा कोरडवाहू शेतीचा क्रम आहे. मधल्या पाच-सहा महिन्यांत पैसा कोण पुरवितो व कोणत्या अटीवर पुरवितो, यावर त्या कुटुंबाचे वावर त्याच्या नावावर राहणार की नाही हे पुष्कळदा ठरत असते. बँक, सेवा सहकारी संस्था, परवानाधारक सावकार, बिनपरवाना सावकार, लघुवित्त कंपनी, पतसंस्था आणि आता भ्रमणध्वनीवरील कर्जाचे अॅप असे अनेक धनको आज गावात पोहोचले आहेत. यांपैकी प्रत्येकाला कोणाची तरी परवानगी आवश्यक आहे. ही परवानगी कोण देतो, ती नसल्यास काय होते आणि असल्यास कर्जदाराला कोणते संरक्षण मिळते, याची माहिती गावातील जबाबदार व्यक्तींना असणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने सावकारी परवान्याचा विचार केला असून इतर संस्थांचा उल्लेख ओघाने आला आहे.

कायद्याची वाटचाल

सावकारीवर निर्बंध घालण्याची गरज महाराष्ट्रात प्रथम तीव्रतेने जाणवली ती १८७५ मध्ये. त्या वर्षी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खाती व रोखे जाळले आणि उठावाचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरले. ज्या कागदांच्या आधारे जमिनी जात होत्या, त्या कागदांवरच लोकांचा रोष होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी ऋणमुक्तीचा कायदा झाला.

वर्धा जिल्ह्याची कहाणी थोडी वेगळी आहे. १८६२ मध्ये निर्माण झालेला हा जिल्हा मध्य प्रांतात होता. येथे मालगुजारी पद्धत होती आणि अनेक गावी मालगुजार हाच धनकोही असे. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळल्यावर मध्य प्रांतात १९३३ मध्ये कर्ज समेट कायदा आणि १९३४ मध्ये सावकारांचा कायदा करण्यात आला. हिशेब नीट ठेवणे व ऋणकोला त्याचे पत्रक देणे या दुसऱ्या कायद्याने बंधनकारक झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे १९४६ चा मुंबई सावकार कायदा येथेही लागू झाला.

१९७५ मध्ये महाराष्ट्र ऋण विमोचन कायद्याने लहान शेतकरी, शेतमजूर व ग्रामीण कारागिरांची सावकारी कर्जे रद्द करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हा कायदा वैध ठरविला. त्याचा उद्देश स्तुत्य होता. परंतु कर्ज पुसले गेले तरी कर्जाची गरज पुसली गेली नाही आणि जेथे दुसरा धनको पोहोचला नव्हता, तेथे जुनाच धनको मागील दाराने परत आला. २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली. त्यांत वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. १९४६ चा कायदा अपुरा पडतो, विशेषतः कर्जापोटी गेलेली जमीन परत मिळवून देण्याची तरतूद त्यात नाही, ही जाणीव या काळात दृढ झाली. त्यातून महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अस्तित्वात आला. आज अंमलात असलेला कायदा हाच होय.

बँकेलाही परवाना लागतो

परवान्याचा प्रश्न केवळ सावकारापुरता नाही, हे वर्धा जिल्ह्याने स्वतः अनुभवले आहे. सहकारी बँकांना बँकिंग नियमन कायदा १ मार्च १९६६ पासून लागू झाला. त्यावेळी कार्यरत असलेल्या बँकांना रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळेपर्यंत किंवा नाकारला जाईपर्यंत कामकाज चालू ठेवण्याची मुभा होती. ही मुभा अनेक जिल्हा बँकांच्या बाबतीत चार दशकांहून अधिक काळ चालली. २०१२ नंतर परवान्याविना बँक चालू देऊ नये, असे धोरण ठरले, तेव्हा भांडवलाचा किमान निकष पूर्ण न करणाऱ्या बँकांत वर्धा, नागपूर व बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका होत्या. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये त्यांना नव्या ठेवी स्वीकारण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील अशा २३ जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रातील या तीन बँका होत्या.

निर्बंध ठेवीदाराच्या हिताचा होता, यात शंका नाही. पण जिल्हा बँक हा सेवा सहकारी संस्थांना होणाऱ्या पीककर्जाच्या पुरवठ्याचा मूळ झरा आहे. तो आटला की संस्थेचा सचिव कितीही तत्पर असला तरी त्याच्या हाती वाटण्यास काही राहत नाही आणि पेरणी मात्र थांबत नाही. परवाना हा कागद कार्यालयात राहतो, परंतु त्याच्या असण्या-नसण्याचा परिणाम थेट शेताच्या बांधापर्यंत जातो, याचे याहून जवळचे उदाहरण या जिल्ह्याला देता येणार नाही.

सावकारी म्हणजे काय?

२०१४ च्या अधिनियमानुसार व्याजाने दिलेली आगाऊ रक्कम, मग ती रोख असो वा वस्तुरूपाने असो, कर्ज ठरते. म्हणजे सवाई किंवा दिढीने दिलेले धान्यही या व्याख्येतून सुटत नाही. बँका, सहकारी संस्था, शासन इत्यादींनी दिलेल्या कर्जांना हा कायदा लागू नाही. त्याचप्रमाणे शेजाऱ्याला अडीअडचणीत एकदा दिलेले हातउसने पैसे म्हणजे सावकारी नव्हे. उत्पन्नाच्या हेतूने व सातत्याने कर्जे देण्याचा व्यवसाय अभिप्रेत आहे. एखादा गृहस्थ 'मी केवळ ओळखीच्यांना मदत करतो' असे म्हणत असला तरी त्याच्या घरी दहा-पंधरा कुटुंबांच्या वचनचिठ्ठ्या, सात-बाराचे उतारे व कोरे धनादेश सापडले, तर त्या मदतीचे स्वरूप वेगळे सांगण्याची आवश्यकता राहत नाही.

हा व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे अर्ज करावयाचा असतो. सहकार खात्याचे हेच अधिकारी सावकारी कायद्याखालीही काम पाहतात. सहायक निबंधक चौकशी करून अहवालासह अर्ज जिल्हा निबंधकाकडे पाठवितात. अर्जातील माहिती खोटी असल्यास, अर्जदाराने कायद्याचे पालन केलेले नसल्यास किंवा परवाना देणे लोकहिताविरुद्ध असल्यास तो नाकारता येतो. परवाना कायमचा नसतो. तो वेळोवेळी नूतन करून घ्यावा लागतो. म्हणून एखाद्याच्या दुकानात चौकटीत लावलेला जुना परवाना पाहून समाधान मानू नये. त्यावरील मुदत वाचावी.

मुदतीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कार्यक्षेत्र. परवाना एका ठराविक क्षेत्रापुरता असतो आणि त्या क्षेत्राबाहेर व्यवसाय करण्याचा अधिकार त्याने मिळत नाही. गिरडसारख्या गावाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. हे गाव जिल्ह्याच्या कडेला आहे. नागपूर जिल्ह्यातील उमरेड आणि चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर हे तालुके येथून दूर नाहीत. बाजारहाट, सोयरीक व देवघेव यांना जिल्ह्याची सीमा माहीत नसते. सोने गहाण ठेवण्यास माणूस पलीकडच्या गावीही जातो आणि तिकडचा धनको इकडेही येतो. अशा वेळी समोरच्याकडे परवाना आहे, एवढे कळून भागत नाही. तो कोणत्या क्षेत्राचा आहे, हे पाहावे लागते.

या प्रश्नाचे महत्त्व २०१५ मध्ये अनेकांना अनपेक्षितपणे समजले. विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी परवानाधारक सावकारांकडून घेतलेली आणि ३० नोव्हेंबर २०१४ रोजी थकीत असलेली कर्जे शासनाने फेडण्याचा निर्णय घेतला. शासनाने सावकारास रक्कम द्यावयाची व सावकाराने शेतकऱ्यास गहाण वस्तू परत करावयाची, अशी ही योजना होती. बिनपरवाना धनकोचे कर्ज तिच्यात बसणे शक्यच नव्हते. परंतु परवाना असूनही सावकाराने आपल्या कार्यक्षेत्राबाहेरील शेतकऱ्यास कर्ज दिले असेल, तर तो शेतकरीही वगळला गेला. वस्तुतः यात चूक झाली असेल तर ती सावकाराची होती. शिक्षा मात्र कर्जदाराच्या वाट्याला आली. पुढे ही अट शिथिल करावी लागली. शेतकऱ्याने कर्ज घेताना परवान्यावरील क्षेत्र वाचले असते तर हा प्रसंग आला नसता, असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याला उद्या पेरणी करावयाची आहे, तो धनकोचा परवाना मागून पाहील, ही अपेक्षा व्यवहारी नाही. ही पाहणी गावातील तटस्थ माणसाने, कर्जाची निकड नसलेल्या दिवसांत करून ठेवावयाची असते.

दर आणि हिशेब

परवानाधारक सावकाराने आकारावयाच्या व्याजाचे कमाल दर शासनाने २०१४ मध्ये ठरवून दिले. शेतकऱ्यास दिलेल्या तारणी कर्जावर वार्षिक ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के, आणि इतरांना दिलेल्या तारणी कर्जावर १५ टक्के व विनातारण कर्जावर १८ टक्के असे ते दर आहेत. व्याजावर व्याज आकारता येत नाही. शिवाय व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, हा दामदुपटीचा जुना नियमही कायद्यात आहे. या नियमाला आपल्या परंपरेत धर्मशास्त्राचा आधार होता. आता तो अधिनियमाचे कलम आहे.

गावातील बोली मात्र वर्षाची नसते, महिन्याची असते. 'शेकडा तीन' हे ऐकावयास लहान वाटते. २०,००० रुपयांचे विनातारण कर्ज घेतले तर शेकडा तीनप्रमाणे महिन्याला ६०० व वर्षाला ७,२०० रुपये व्याज होते, म्हणजे वार्षिक दर ३६ टक्के पडतो. शेतकऱ्याकडून कायद्याने घेता येणारे व्याज वर्षाला २,४०० रुपये आहे. सवाईचा हिशेब याहून फसवा आहे. जूनमध्ये घेतलेल्या एका पोत्याचे डिसेंबरात सव्वा पोते द्यावयाचे, हे व्याज सहा महिन्यांचे पंचवीस टक्के, म्हणजे वर्षाचे पन्नास टक्के होते. शाळेतील शिक्षकांनी सरळव्याजाचे उदाहरण शिकविताना बँकेच्या ठेवीऐवजी कधी हे उदाहरण घ्यावे. वर्गातील मुलाने घरी जाऊन केलेला गुणाकार पुष्कळ भाषणांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

व्याज आधीच कापून घेण्याची रीतही आढळते. कागदावर २०,००० रुपये लिहावयाचे आणि हातात १८,००० द्यावयाचे, हा तिचा नमुना. प्रत्यक्ष दिलेल्या रकमेपेक्षा वेगळी रक्कम दर्शविणारी वचनचिठ्ठी घेणे किंवा रकान्यांत जागा कोरी सोडून कागदावर सही घेणे कायद्याने निषिद्ध असून तो शिक्षेस पात्र असलेला अपराध आहे. कोऱ्या मुद्रांकावर वा कोऱ्या धनादेशावर सही देणारा कर्जदार आपल्या कर्जाची रक्कम ठरविण्याचा अधिकारच दुसऱ्याच्या हाती देत असतो.

सावकाराने रोजकीर्द व खतावणी ठेवली पाहिजे, ऋणकोला हिशेबाचे पत्रक दिले पाहिजे आणि प्रत्येक परतफेडीची पावती दिली पाहिजे, ही बंधने कायद्यात आहेत. परवान्याचा खरा उपयोग येथे आहे, असे मला वाटते. परवानाधारकाच्या वह्या निबंधकाला तपासता येतात. म्हणून त्याच्याशी झालेल्या व्यवहाराचा माग राहतो. बिनपरवाना धनकोच्या वहीत काय लिहिले आहे, हे छापा पडेपर्यंत त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते. ज्यावेळी कर्ज दिले त्यावेळी वैध परवाना नसेल, तर सावकाराच्या वसुलीच्या दाव्यात न्यायालयाने हुकूमनामा देऊ नये, अशीही तरतूद आहे. बिनपरवाना सावकारीस पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वसुलीसाठी कर्जदाराचा छळ करणे हा स्वतंत्र अपराध आहे. मग छळ करणारा परवानाधारक असला तरी.

इतर धनको, इतर दारे

तक्रार चुकीच्या दारी गेली की महिने वाया जातात, म्हणून येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. बँकेतर वित्तीय कंपनीला रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी करावी लागते. अशा नोंदणीकृत कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ रोजी केरळ व गुजरातच्या कायद्यांसंबंधीच्या प्रकरणात दिला. तेव्हा बचत गटातील महिलांना कर्ज देणाऱ्या लघुवित्त कंपनीविरुद्धचा अर्ज सहायक निबंधकाकडे देऊन उपयोग नाही. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तेथे दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. लघुवित्ताबाबत रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निदेश आहेत. वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज तारणाशिवाय मिळते, सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत आणि वसुलीसाठी सकाळी नऊपूर्वी वा सायंकाळी सहानंतर संपर्क साधता येत नाही. व्याजाच्या दरावर मात्र येथे ठरीव मर्यादा नाही. सावकाराच्या नऊ-बारा टक्क्यांशी तुलना करताना हा फरक ध्यानात घ्यावा.

पतसंस्था ही सहकार कायद्याखाली नोंदलेली असते व तिचा व्यवहार सभासदांपुरता असतो. ती बँक नव्हे आणि बँकेतील पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला असणारे विमासंरक्षण तिच्या ठेवीला नाही. चिट फंड चालविण्यासाठी १९८२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे पूर्वमंजुरी लागते. ठेवी गोळा करणे हा तर अगदीच निराळा विषय आहे. सावकारी परवाना हा कर्ज देण्याचा परवाना आहे, ठेवी घेण्याचा नाही. नियमनाबाहेरील ठेव योजनांवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातलेली आहे. कंपनी म्हणून नोंदणी झाल्याचे प्रमाणपत्र, दुकानाचा परवाना किंवा वस्तू व सेवा कराचा क्रमांक दाखवून 'आमची शासनमान्य संस्था आहे' असे सांगणारे लोक आठवडी बाजारच्या दिवशी हटकून भेटतात. यांपैकी एकही कागद लोकांचा पैसा घेण्याची किंवा व्याजाने देण्याची परवानगी देत नाही.

भ्रमणध्वनीवरील अॅप स्वतः धनको नसते. त्याच्यामागे बँक किंवा नोंदणीकृत वित्तीय कंपनी असावी लागते आणि कर्जाची रक्कम तिच्याकडून थेट कर्जदाराच्या खात्यात यावी लागते. अशा अॅपची यादी रिझर्व्ह बँकेने २०२५ पासून आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. जे अॅप भ्रमणध्वनीतील नातेवाइकांचे क्रमांक वाचण्याची अनुमती मागते, त्यापासून दूर राहावे. तशी माहिती घेण्यास मनाई आहे. ती मागण्याचा हेतू बहुधा वसुलीच्या वेळी स्पष्ट होतो.

खरेदीखताआडचे कर्ज

आता या विषयातील सर्वांत गंभीर भागाकडे वळू. व्याज जास्त गेले तर एका हंगामाचे नुकसान होते. जमीन गेली तर कुटुंबाचे स्थानच बदलते. बिनपरवाना धनको गहाणखत क्वचितच करून घेतो. तो नोंदणीकृत खरेदीखत करून घेतो. पैसे परत केले की जमीन परत करू, असा शब्द तोंडी दिला जातो, फार तर साध्या कागदावर लिहिला जातो. कर्जदार वावर वाहत राहतो, व्याज देत राहतो आणि खरेदीखतामुळे फेरफार होऊन सात-बारावर दुसऱ्याचे नाव चढलेले असते. एखाद्या वर्षी पीक बुडते, देणे थांबते, आणि मग तो कागद बाहेर येतो. कागदोपत्री तो विक्रीचा निर्भेळ व्यवहार असतो. १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांना जे दुःख होते, ते जवळपास हेच होते.

२०१४ च्या अधिनियमाचे कलम १८ या दुखण्यावरील उपाय आहे. चौकशी, तपासणी किंवा कर्जदाराचा अर्ज यांवरून एखादी स्थावर मालमत्ता विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल वा अन्य मार्गाने मागील पंधरा वर्षांच्या आत सावकाराच्या ताब्यात आली असल्याचे जिल्हा निबंधकाला वाटले, तर तो त्या व्यवहाराच्या स्वरूपाची चौकशी करू शकतो. मालमत्ता वस्तुतः कर्जाच्या तारणापोटी गेली होती असे सिद्ध झाल्यास, तो कारणे नमूद करून दस्तऐवज अवैध घोषित करू शकतो आणि मालमत्तेचा ताबा कर्जदाराला, किंवा तो हयात नसल्यास त्याच्या वारसाला, देण्याचा आदेश काढू शकतो. नोंदणीकृत दस्तामागील खरा व्यवहार तपासण्याचा हा अधिकार असामान्य आहे आणि म्हणूनच त्याचा वापर पुराव्यावर अवलंबून राहतो.

पंधरा वर्षे ही मुदत अर्जाच्या किंवा तपासणीच्या दिनांकापासून मागे मोजावयाची आहे. दस्त होऊन चौदा वर्षे झाली असतील, तर विचार करण्यास फारसा अवधी उरलेला नाही. पतीच्या मृत्यूनंतर कागदपत्रे धुंडाळणाऱ्या विधवा भगिनींच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. आपले नाव दस्तात नाही, म्हणून आपल्याला अर्ज करता येणार नाही, असा त्यांचा समज असतो. वारसाचा उल्लेख कायद्यातच असल्याने हा समज दूर करणे हे ग्रामपंचायत सदस्याचे साधे पण मोलाचे काम आहे.

पुरावा म्हणजे काय? कर्जदाराजवळ बहुधा पावत्या नसतात. तरीही व्यवहाराच्या खुणा राहिलेल्या असतात. दस्तातील किंमत त्या वर्षीच्या शासकीय मूल्यदरापेक्षा फार कमी असणे, विक्रीनंतरही वावर जुन्या मालकानेच वाहणे, पीकपाहणीत त्याचेच नाव चालू राहणे, खरेदी घेणाऱ्याने त्याच परिसरात अनेकांकडून याच पद्धतीने खरेदी घेतलेली असणे, बँकेच्या खात्यातून ठराविक अंतराने त्याला रकमा गेलेल्या असणे, जमीन परत करण्याविषयीचा साध्या कागदावरील लेख, दस्तावर सही करणाऱ्या साक्षीदारांचे म्हणणे, या सर्वांचा विचार चौकशीत करून घेता येतो. यांतील निम्म्या गोष्टी ग्रामपंचायतीच्या, तलाठ्याच्या आणि दुय्यम निबंधकाच्या दप्तरात आधीच असतात. कर्जदाराला त्या मिळवून देण्यास कोणी सोबत जाणारा लागतो.

अर्थात प्रत्येक अर्ज खरा असतोच असे नाही. जमिनीला पुढे चांगला भाव आला म्हणून जुनी रीतसर विक्री कर्जापोटीची होती असे सांगणारेही निघतात. खरेदी घेणाऱ्याला आपले म्हणणे मांडण्याची पूर्ण संधी कायद्याने दिली आहे, आणि ती योग्यच आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी अर्जदाराला साह्य करताना हकिकत फुगवून लिहू नये. कर्ज केव्हा घेतले, किती घेतले, किती फेडले, दस्त कोणत्या दिवशी झाला, ताबा कोणाकडे होता, एवढे क्रमवार व खरे लिहिले तरी पुरते. अतिशयोक्तीचे एक वाक्य उलटतपासणीत बाकीच्या दहा खऱ्या वाक्यांना निष्प्रभ करते.

ग्रामपंचायतीस काय करता येईल?

सावकारी परवाना देण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार गिरडसारख्या सर्वसाधारण क्षेत्रातील ग्रामपंचायतीस नाही. अनुसूचित क्षेत्रात मात्र १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्याने अनुसूचित जमातींना होणाऱ्या सावकारी कर्जावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींना देण्याची तरतूद केली आहे. अधिकार नसला तरी माहिती मागण्यास अडचण नाही. तालुक्यातील परवानाधारक सावकारांची नावे, त्यांचे कार्यक्षेत्र व परवान्याची मुदत ही माहिती समुद्रपूरच्या सहायक निबंधक कार्यालयाकडून लेखी मागवून ती व्याजाच्या चार दरांसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल. पेरणीपूर्वीच्या ग्रामसभेत ती वाचून दाखविण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही. यादीत ज्याचे नाव नाही, त्याचे नाव कोणी उच्चारण्याची गरजही पडणार नाही.

बिनपरवाना सावकारीची तक्रार सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, वर्धा यांच्याकडे साध्या कागदावर करता येते. पोलिसांकडेही जाता येते. तक्रारीनंतर अधिकारी पोलीस व पंचांसह जागेची झडती घेऊन कागदपत्रे ताब्यात घेऊ शकतात. पंच म्हणून उभे राहण्यास गावकरी कचरतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे. येथे शिक्षक, ग्रामसेवक व निवृत्त कर्मचारी यांनी पुढे येण्याची गरज आहे. धनको हा गावातच राहणारा, लग्नकार्यात मिसळणारा व अडचणीत उपयोगी पडलेला माणूस असतो, त्यामुळे हे सोपे नाही, याची जाणीव प्रशासनाला असली पाहिजे.

जमिनीच्या अर्जाला वर सांगितलेल्या कागदांच्या प्रती, खरेदीखताची प्रमाणित प्रत, त्या वर्षापूर्वीचे व नंतरचे सात-बारा उतारे आणि फेरफाराची नोंद जोडावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाची पोच व दिनांक घ्यावा. पंधरा वर्षांची गणना त्याच दिनांकावरून होणार असल्याने ही पोच जपून ठेवावी. जिल्हा निबंधकाचा निर्णय कोणाच्याही विरुद्ध गेला तरी त्याला आदेशाच्या दिनांकापासून एका महिन्याच्या आत विभागीय निबंधकाकडे अपील करता येते. वर्धा जिल्ह्यासाठी हे कार्यालय नागपूर येथे आहे. आदेश अनुकूल झाल्यास तेवढ्यावर न थांबता ताब्याची कार्यवाही पूर्ण करून घ्यावी आणि तलाठ्याकडे फेरफारासाठी आदेशाची प्रत द्यावी. सात-बारावरील नाव बदलेपर्यंत पुढच्या हंगामाचे पीककर्ज बँकेकडून मिळणार नाही आणि तोवर जून उजाडलेला असतो.